डबा दिलाय, तरी मादी पाण्याच्या वाटीतच अंडी घालते. काय चुकतंय?

रात्रपाळी:

नमस्कार. माझ्याकडे एक लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाळीव पाल) आहे, मादी, अंदाजे अडीच वर्षांची. नाव मिरी. चार महिन्यांपूर्वी ओळखीतल्या एकांनी दिली. त्यांच्याकडे ती नराबरोबर राहायची, माझ्याकडे आल्यापासून एकटीच आहे. त्यामुळे अंड्यांचा विषय माझ्या डोक्यातही नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी पाहतो तर पाण्याच्या वाटीत एक पांढरं अंडं बुडालेलं आणि दुसरं वाटीमागे टाइलवर, पार चिंबलेलं, हवा गेलेल्या फुग्यासारखं. दोन्ही वाया गेली. मग इकडेतिकडे वाचून अंडी घालायचा डबा तयार केला. झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, बाजूला भोक, आत ओले टिश्यू पेपर. टँकच्या थंड बाजूला ठेवला, कारण तिथेच जागा होती. मिरी आत जाते, दोन मिनिटं बसते आणि बाहेर येते. मग रात्रभर वाटीमागच्या त्याच कोपऱ्यात टाइल उकरत बसते. खर्र खर्र खर्र. टँक माझ्या उशाशी आहे, हे नाव उगाच नाही घेतलं.

काल हातावर घेऊन खालून पाहिलं, तर पोटाच्या कातडीतून दोन्ही बाजूंना एकेक फिकट, लांबट गोळा दिसतोय. म्हणजे पुन्हा दोन. खाणं जवळजवळ बंद आहे. एरवी रातकिड्यांवर तुटून पडणारी आता नुसतं बघते आणि तोंड फिरवते.

टँक ९० बाय ४५ सेंटिमीटर, खाली सगळीकडे टाइल, वरून दिवा. गरम बाजूला ३२ अंश, थंड बाजूला २४. तिला डब्यातच अंडी घालायला कसं लावू? दर तासाला झाकण उघडून बघतोय, अजून काही नाही.

कोष:

सोपं आहे. अंडी दिसायला लागली की मादीला डब्यात ठेवायचं आणि भोक बंद करायचं. माझ्या मित्राने केलं होतं, दोन दिवसांत मोकळी झाली.

पालींची मावशी:

भोक बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, मग बाकीचं. कोंडलेली मादी घाबरली तर अंडी आत धरून ठेवते, आणि त्यातून होतं ते फार वाईट. कोषदादा, तुमच्या मित्राची पाल वाचली, बरं झालं. पण ते तिचं नशीब, ती पद्धत नव्हे.

आता रात्रपाळी, तुमच्याकडे येते. मी अकरा वर्षं लेपर्ड पाळतेय आणि तुम्ही केलेल्या बहुतेक सगळ्या चुका माझ्या करून झाल्यात, तेव्हा रागवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिरीने तीन आठवड्यांपूर्वीच देऊन ठेवलंय: वाटीमागचा कोपरा. तुम्ही तिला डब्याकडे वळवायला बघताय. डबा उचला आणि त्या कोपऱ्यात नेऊन ठेवा.

ती वाटीत का गेली? लेपर्डच्या अंड्याचं कवच कडक नसतं, चामड्यासारखं मऊ असतं. घातल्यावर ते आजूबाजूच्या मातीतली ओल शोषून घेतं आणि हळूहळू फुगतं. भोवती कोरडं असलं की उलटं होतं, आतलं पाणी उडून अंडं चिंबतं. तुमचं टाइलवरचं तेच झालं. मादीला ओल लागते हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. तुमच्या अख्ख्या टँकमध्ये ओल होती ती एका वाटीपाशी. थोडं पाणी सांडून टाइलच्या सांध्यात मुरत असेल, तिथेच ती नखं मारतेय. बिचारीने असलेल्यातून सगळ्यात बरी जागा निवडली.

टिश्यू पेपर फेकून द्या. मादीला अंडी नुसती ठेवायची नसतात, पुरायची असतात. पुढच्या पायांनी उकरते, मागच्या पायांनी माती मागे लोटते, खड्डा मनासारखा झाला की वळून मागची बाजू आत घेते. टिश्यूत यातलं काय करणार?

आणि खोली. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझी पहिली मादी इथेच अडकली होती. मी तिला छान डबा दिला होता, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पण दिलं होतं, फक्त दोन बोटं. रोज रात्री उकरायची, नखं प्लॅस्टिकच्या तळाला लागायची, की सोडून दुसरा कोपरा. तिथेही तळ. मग तिसरा. पाच रात्री हा खेळ चालला. सकाळी डब्यात चार खड्डे आणि ती बाहेर दगडावर थकून पडलेली. सहाव्या दिवशी मी वैतागून होतं नव्हतं ते सगळं कोकोपीट त्यात ओतलं, त्याच रात्री तिने घातली. तेव्हापासून आठ ते दहा सेंटिमीटरच्या खाली मी जात नाही. नखांना तळ लागता कामा नये.

नुसतं कोकोपीट ढासळतं, खड्डा उभा राहत नाही. मी तीन भाग कोकोपीटमध्ये एक भाग खत नसलेली बारीक माती मिसळते. ओल किती? मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, बोटांतून थेंब गळता कामा नये. डब्याच्या एका टोकाला थोडं जास्त पाणी घाला, दुसऱ्या टोकाला कमी, तिचं ती बघेल. वर ओल्या मॉसचा (शेवाळाचा) पातळ थर दिलात तर वरची माती लवकर सुकत नाही.

डबा पारदर्शक नको. असलाच तर बाहेरून काळा कागद चिकटवा. भोक मातीच्या पातळीच्या वर पाडा, नाहीतर पहिल्याच रात्री अर्धी माती बाहेर. कडा सँडपेपरने घासा आणि स्वतःचं बोट फिरवून बघा, पोटात अंडी असलेल्या मादीची कातडी ताणलेली असते.

उबेचं म्हणाल तर २४ अंश तिला थंड पडतं. माझा अनुभव असा की डब्यातली माती २७ ते २९ अंशांत असली की त्या लवकर घालतात. थर्मामीटरचा प्रोब मातीत तळापर्यंत खुपसून मोजा, टँकच्या हवेचं तापमान इथे कामाचं नाही. वाटीचा कोपरा थंड बाजूला असेल तर दिवा थोडा इकडे सरकवा, डबा नका सरकवू. मात्र डबा थेट हीट मॅटवर (टँकखाली ठेवायच्या विजेच्या गरम चटईवर) ठेवू नका, माती खालून सुकते आणि वरून हात लावला तर ओली वाटते. मी एकदा फसलेय.

वाटी काढायची नाही, पाणी तिला लागणारच. पण उथळ, लहान वाटी द्या आणि दुसऱ्या टोकाला ठेवा. खोल वाटीत पडलेलं अंडं बुडून मरतं.

राहता राहिलं ते झाकण. तुम्ही दर तासाला उघडून बघता आणि ती तिथे अंडी घालत नाही, ही दोन वाक्यं तुम्हीच लिहिलीत. आता जोडा.

काचेवरची:

मावशींचं सगळं बरोबर, पण नंतर कुणी दुसऱ्या जातीचं वाचायला आलं तर गोंधळ नको म्हणून लिहिते. माझ्याकडे फेल्सुमा आहेत, त्या दिवसा फिरणाऱ्या हिरव्या पाली. त्यांना मातीचा डबा दिलात तर त्यावर चढून बसतील, बाकी काही नाही. त्यांची अंडी कडक कवचाची. मादी घालते तेव्हा कवच मऊ असतं, ती मागच्या पायांत धरून फिरवते आणि बघता बघता ते कडक होतं. माझी मादी बांबूच्या नळीत घालते. नळी मी उभी किंवा तिरकी बांधते, आत जेमतेम वळता येईल एवढी. आत गुंडाळलेला कागद सरकवून ठेवते, म्हणजे अंडी कागदासकट बाहेर काढता येतात.

टोके गेको तर अंडी काचेला किंवा भिंतीला चिकटवूनच टाकतात. तिथे जागा आपण ठरवायच्या फंदात पडू नये. ओरबाडून काढायला गेलात तर कवच फुटणार. मी वरून जाळीचा लहान कप टेपने चिकटवते आणि तिथेच उबू देते. उलट क्रेस्टेड गेको लेपर्डसारखंच ओल्या मातीत पुरतात. तेव्हा आधी आपली पाल कोणत्या गटातली ते बघा, मग डबा की बांबू ते ठरवा.

रात्रपाळी:

मावशी, काय बोलू! दुपारी बसून सगळं नव्याने केलं. नऊ सेंटिमीटर माती, काळा कागद, डबा वाटीच्या कोपऱ्यात. प्रोब २६ दाखवत होता, दिवा सरकवल्यावर २८. दोन प्रश्न. ती चार महिने एकटी आहे, मग ही अंडी रिकामीच असणार ना? मग एवढा खटाटोप गरजेचा आहे का? आणि नाहीच घातली तर किती दिवस वाट बघायची?

शांत सरडा:

पहिल्याचं उत्तर मी देतो. रिकामी असतीलच असं नाही. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवू शकते आणि एका मिलनावर त्या हंगामात पुढच्या खेपाही फळू शकतात. पण रिकामी असली तरी फरक पडत नाही. नर कधीच न पाहिलेल्या माद्याही अंडी घालतात, आणि ती बाहेर पडायलाच हवीत. डबा अंड्यांपेक्षा मादीसाठी जास्त असतो.

दुसरा प्रश्न गंभीर आहे. उकरते आहे, चालते-फिरते आहे, डोळे उघडे आणि सतर्क आहेत, तोवर वाट बघा. पण जोर करतेय आणि काही बाहेर येत नाही, एक घालून दुसरं आत राहिलंय, उकरणं एकदम थांबून मलूल पडलीय, मागचे पाय ओढतेय, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. अंडी अडकलेली आहेत का ते एक्स-रेमध्ये कळतं. घरी पोट दाबायचं नाही, तेल-बिल लावून ओढायचं तर नाहीच. आत अंडं फुटलं तर मादी जाते. माझी एक गेलीय. मी दोन दिवस ‘उद्या घालेल’ म्हणत बसलो होतो.

कॅल्शियमचं काय करता? कवच बनवायला आणि अंडं बाहेर ढकलायला, दोन्हीला ते लागतं. कमी पडलं तर ती हाडांतलं काढून घेते.

रात्रपाळी:

कॅल्शियम आठवड्यातून एकदा रातकिड्यांना लावून देत होतो.

पालींची मावशी:

कमी आहे. अंडी घालणाऱ्या मादीला जवळजवळ प्रत्येक खाण्याला लावा. शिवाय व्हिटॅमिन डी-३ नसलेली साधी कॅल्शियम पावडर बाटलीच्या झाकणात घालून टँकमध्ये कायम ठेवा, हवी तेव्हा चाटते. डी-३ असलेली मात्र मोजूनच, ती जास्त झाली तर बाधते.

सरडेभाऊ, तुमच्या मादीचं वाचून वाईट वाटलं.

रात्रपाळी:

झालं!!

पहिल्या रात्री मिरी डब्याच्या झाकणावर चढून बसली, आत गेलीच नाही. मी झाकण उघडलं नाही (दोनदा हात गेला होता). दुसऱ्या रात्री आत गेली, भोकातून माती बाहेर उडत होती. टाइलवरचा खर्र खर्र बंद, त्याऐवजी डब्यातून खसखस. काल रात्री दोन ते चार आतच होती. सकाळी बाहेर आली तर कुशी आत गेलेल्या, कातडी सैल, आणि सरळ वाटीकडे जाऊन पाणी प्यायली. वजन ६८ ग्रॅम होतं, ६१ झालंय. संध्याकाळी सहा रातकिडे खाल्ले.

माती वरून इतकी सारखी केली होती की मला आधी वाटलं घातलीच नाहीत. बोटाने हळूहळू उकरत गेलो, तर तळाशी, भिंतीला लागून दोन्ही. गंमत म्हणजे ओल्या टोकालाही नाही आणि कोरड्या टोकालाही नाही, बरोबर मध्ये. एक पांढरं, टणटणीत. दुसरं पिवळट, मऊ आणि जरा चिकट.

पालींची मावशी:

छान! आता अंडं फिरवू नका. जी बाजू वर आहे तिथे मऊ पेन्सिलने हलकी खूण करा आणि खूण वरच राहील असं ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या दाण्यांत) अर्धं रुतवून ठेवा. फिरवलं तर आतला गर्भ दगावू शकतो. पिवळट आहे ते बहुधा रिकामं, पण लगेच फेकू नका, बुरशी आली तर बाजूला करा. दहा-बारा दिवसांनी अंधारात खालून बारीक टॉर्च लावून बघा. आत लाल शिरा दिसल्या तर जिवंत.

तापमान ठरवताना एक लक्षात घ्या, यांच्यात नर-मादी उबेवर ठरतं. २६-२७ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ ला नर जास्त. तुम्हाला पुढे आणखी डबे करायची हौस नसेल तर विचार करून ठरवा.

रात्रपाळी:

एकच शेवटचं विचारतो. आता डबा काढून टँक पुन्हा नीटनेटका करू ना?

पालींची मावशी:

अजिबात नाही. माती बदला आणि डबा त्याच कोपऱ्यात राहू द्या. एका हंगामात त्या अनेकदा घालतात, पुढची खेप तीन-चार आठवड्यांत येऊ शकते.

रात्रपाळी:

म्हणजे झोप नाहीच.

पालींची मावशी:

टँक उशाशी कुणी ठेवलाय?