वारेतलं मेलाटोनिन: प्रीएक्लॅम्पसियात गोळी द्यावी का?

रातराणी
मेलाटोनिन म्हटलं की पिनियल ग्रंथी आणि झोप एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण वारसुद्धा (प्लासेंटा, गर्भाला आईशी जोडणारा अवयव) ते बनवते. कॅनडातल्या क्युबेकमधल्या गटाने २००८ साली दाखवलं की ट्रोफोब्लास्ट म्हणजे वारेच्या पेशींत ते तयार करणारी दोन्ही एन्झाइम्स आहेत, शिवाय एमटी१ आणि एमटी२ हे रिसेप्टरही (मेलाटोनिन ज्यांना चिकटून काम करतं ती प्रथिनं). २०१२ मध्ये त्यांना प्रीएक्लॅम्पसियाच्या (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा गंभीर आजार) वारेत उत्पादन आणि रिसेप्टर दोन्हींत घट दिसली. मेलबर्नमध्ये हा आजार असलेल्या २० जणींना रोज ३ वेळा १० मिग्रॅ मेलाटोनिन दिलं, तर निदानापासून प्रसूतीपर्यंतचा अवधी सरासरी ६ दिवसांनी लांबला. दिवस अपुरे असलेल्या बाळाला ६ दिवस म्हणजे केवढे! माझ्या मते गोळी द्यायला हवी.

सूक्ष्मदर्शी
अजिबात पटलं नाही. ६ दिवस कोणाच्या तुलनेत? जुन्या नोंदींतल्या रुग्णांच्या. गोळी चालू आहे हे डॉक्टरांना माहीत होतं, आणि प्रसूती कधी करायची हेही डॉक्टरच ठरवतात.

रिसेप्टरचा मुद्दा त्याहून कच्चा. रात्री रक्तात १०० पिकोग्रॅम प्रति मिली धरा. रेणुभार २३२, म्हणजे साधारण ०.४ नॅनोमोलर, एमटी१ला तेवढं पुरतं. पेशींवरच्या प्रयोगांत मात्र कधीकधी १ मिलिमोलर ओततात, म्हणजे वीस लाख पटींहून जास्त. तिथे रिसेप्टर केव्हाच भरलेले असतात, दिसतो तो बहुधा रिसेप्टरशिवायचा, थेट अँटिऑक्सिडंट परिणाम. लुझिंडोल (हे रिसेप्टर अडवणारं रसायन) घालून परिणाम थांबतो का, हे न बघता ‘रिसेप्टरमुळे’ म्हणू नये.

आणि अँटिबॉडी! एमटी१ शोधायला वापरतात त्या बाजारातल्या कित्येक अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटतात. ब्लॉटवर (प्रथिनं ओळखायच्या चाचणीत) पट्टी उमटली एवढ्याने भागत नाही. एमटी१चा जनुक बंद केलेल्या पेशींत ती पट्टी नाहीशी व्हायला हवी.

रातराणी
अँटिबॉडीचं मान्य. पण थेट परिणामाने आईला फायदा होत असेल तर बिघडलं कुठे? औषधाने रिसेप्टरच्याच वाटेने जावं असा नियम नाही.

केशिका
बिघडतं ते दिवसाच्या डोसने. मेलाटोनिन वारेतून जसंच्या तसं पलीकडे जातं. गर्भाची पिनियल ग्रंथी स्वतःची लय चालवत नाही, आईच्या रक्तातला चढउतार हीच त्याची रात्र. सकाळी ८ वाजता १० मिग्रॅ दिलं की त्याला रात्र कळणार कशी? त्यात गरोदरपणात यकृतातलं सीवायपी१ए२ हे मेलाटोनिन मोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणजे गोळी जास्त वेळ रेंगाळणार.

गोळीचाही भरवसा नाही. कॅनडात तपासलेल्या गोळ्यांत मात्रा लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघाली होती. प्रीएक्लॅम्पसियाची जोखीम जास्त असेल तर १६ आठवड्यांच्या आत रोज रात्री १५० मिग्रॅ ॲस्पिरिन सुरू करा, त्याला मोठ्या चाचणीचा आधार आहे. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

सूक्ष्मदर्शी
वारेचे नमुने घेणाऱ्यांनो, शक्यतो अर्ध्या तासात घ्या, ४-५ ठिकाणांहून, कडा सोडून. थंड सलाइनने रक्त निघेपर्यंत धुवा, नाहीतर आईच्या रक्तातलंच मेलाटोनिन मोजलं जाईल. प्रसूतीची वेळ लिहा. रात्री २ची वार आणि दुपारी २ची वार एकाच रांगेत मांडू नका.

रातराणी
केशिका, दिवसाच्या डोसचा मुद्दा पटला, ॲस्पिरिनलाही माझा विरोध नाही. पण ॲस्पिरिन आधी द्यायचं असतं. २८व्या आठवड्यात निदान झालेल्या बाईच्या हाती आज रक्तदाबाच्या गोळ्या, मॅग्नेशियम आणि वाट पाहणं एवढंच आहे. तिच्यासाठी तरी फक्त रात्रीचा डोस आणि प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी), चिठ्ठ्या टाकून दोन गट, अशी चाचणी झालीच पाहिजे.