मदत हवी आहे: भाचीला रोइंगमध्ये घालायचंय, पवनीकडून सुरुवात कुठून करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही पवनी तालुक्यातले, गोसीखुर्दच्या बॅकवॉटरकाठचे. भाची अकरावीत आहे. पहाटे भाऊजींबरोबर डोंग्यातून जाळी काढायला जाते. पोहण्यात पक्की, अंगकाठी उंच. तिने रोइंगचा (वल्ही मारून बोट पळवण्याच्या शर्यतीचा) ध्यास घेतलाय आणि पोरीला संधी मिळावी असं मलाही मनापासून वाटतं.

पण डोंगा वल्हवणं वेगळं. त्यात ती गुडघे मोडून, तोंड पुढे करून बसते, हातात एकच वल्हं आणि सगळा भार खांद्यांवर. शर्यतीच्या बोटीत पाठ जायच्या दिशेला, पाय फळीवरच्या बुटांत घट्ट आणि सीट रुळावर सरकणारी. खरा जोर मांड्यांचा. अंतर २००० मीटर. हे सगळं व्हिडिओत बघून कळतं, अंगात कसं उतरणार?

गावात जो तो दत्तू भोकनळ यांचं नाव घेतो. चांदवडकडचा हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट पळवण्याच्या शर्यतीत) तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण घेतलं. अभिमानच आहे. पण ते रोइंगला लागले फौजेत गेल्यावर. मुलीने कुठली वाट धरायची?

शिवाय आजीला धास्ती, की पोरीची कंबर कामातून जाईल. त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद

दादा, साईची (भारतीय क्रीडा प्राधिकरणाची) रोइंग केंद्रं केरळात अलेप्पीला आणि ओडिशात कटकजवळ जगतपूरला आहेत. अलेप्पीला मुली तयार झाल्या आहेत. निवडचाचणीची सूचना साईच्या संकेतस्थळावर बघत राहा.

आजींची काळजी अगदीच खोटी नाही, या खेळात कंबरेची दुखणी होतात. पाठ वाकवून आधी हातांनी ओढलं की हमखास. वल्हं ओढण्याचा क्रम पक्का करा: आधी पायांचा रेटा, मग कंबरेतून मागे झुकणं, शेवटी हात, परतताना उलटा. तो जमला की मांड्या, पाठ, दमसास सगळंच तयार होतं, आणि धावण्यासारखे गुडघ्यांना दणके बसत नाहीत.

भंडारा-नागपूरच्या जिममध्ये रोइंग मशीन (वल्हवण्याचा सराव करायचं सरकत्या सीटचं यंत्र) आहे का विचारा. सुरुवातीला वेळ बघू नका, क्रम बघा. तोवर बैठका आणि पळणं चालू ठेवा. तिची उंची आणि दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं माप इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.