मैदान कोण राखणार?
मुलांना खो-खो शिकवणाऱ्या संस्थेत देणग्या गोळा करणं आणि पालकांच्या तक्रारी ऐकणं हेच खरं काम, असं म्हटलं जातं. अर्धं पटतं. पण नाममात्र फीवर चालणाऱ्या केंद्रात वेगळा माळी परवडत नाही, मैदानही प्रशिक्षकाच्याच गळ्यात पडतं. सोलापूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला चिकटते. त्यामुळे खो-खोसाठी खाली मुरूम आणि वर चाळलेली लाल माती लागतेच. २७ बाय १६ मीटरच्या मैदानाला संध्याकाळी खेळ संपल्यावर पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, पहाटे दमटपणा असतानाच रोलर फिरवायचा. ओल जास्त राहिली तर माती रोलरला चिकटून पोपडे निघतात, कमी पडली तर नुसता धुरळा. एप्रिल-मेच्या शिबिरात तर हे सगळं वेळापत्रक नळाला पाणी कधी येणार यावर ठरतं!

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते खांबांकडे. मुलं खांब धरून वळतात, बुडाशी खळगा पडतो आणि खांब डुगडुगायला लागतो. तिथे नुसती माती लोटून भागत नाही, थोडी थोडी ओली करून धुम्मसाने (माती दाबायच्या जड ठोकणीने) ठोकावी लागते. भराव जास्त झाला की खांबाची उंची १२० सेंमीच्या खाली जाते, तेव्हा टेप लावून बघा.