मदत हवी आहे : नाशिकमध्ये वारंवार काखमांजरी होणाऱ्यांपर्यंत कसे पोहोचावे?

नमस्कार.

मी इंदिरानगरला राहते. वयाच्या १९ व्या वर्षी माझ्या काखेत पहिले गळू आले. घरी त्याला काखमांजरी म्हणाले, आजीने जवसाचे पोटीस बांधले, ते फुटले आणि विषय संपला असे सर्वांनी मानले. पुढची ११ वर्षे काखेत, जांघेत आणि स्तनांखाली गाठी येत राहिल्या. प्रत्येक वेळी चीर देऊन पू काढला जाई. एका डॉक्टरांनी तर ‘दोन वेळा नीट अंघोळ करत जा’ असे सांगितले, आणि त्या संध्याकाळी मी रक्त येईपर्यंत काख घासली होती. अखेर एका त्वचारोगतज्ज्ञांनी आजाराचे नाव सांगितले : हिड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा.

हा आजार अस्वच्छतेने होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. केसाच्या मुळाशी असलेली पिशवी तोंडाशी बंद होते, आतल्या आत फुटते आणि तिथे दाह सुरू होतो. पुढे कातडीखाली एका गाठीपासून दुसरीपर्यंत बोगदे तयार होतात, म्हणून नुसता पू काढून तो थांबत नाही. रक्ताच्या तपासणीत तो सापडत नाही. ठरावीक जागी सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा गाठी येणे, हीच त्याची मुख्य खूण. तो मुळापासून घालवणारे औषध अजून नाही, पण गोळ्या, अडालिमुमॅबसारखी इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया यांनी तो आटोक्यात ठेवता येतो, आणि निदान जितके लवकर तितके बोगदे व व्रण कमी.

मला आता अशा लोकांपर्यंत पोहोचायचे आहे, ज्यांना हे कोणीच सांगितलेले नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत दिवसभर हात वर करून घड विरळणाऱ्या बायका, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पाळी संपेपर्यंत उभे राहणारे कामगार, यांच्यापैकी कोणी हे दुखणे सोसत असेल तर त्याची रोजची मजुरीच त्यावर अवलंबून असते. आजाराचे लॅटिन नाव त्यांच्या कामाचे नाही, म्हणून पत्रकावर ‘काखमांजरी पुन्हा पुन्हा होते का? केस्तूड बरे होऊन परत येते का?’ असेच लिहावे असे मला वाटते. सोबत डॉक्टरांना विचारायचे चार-पाच प्रश्नही द्यायचे आहेत, कारण प्रश्न हातात असला की माणूस तपासणीच्या खोलीत मान खाली घालून बसत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अडचण अशी की जो माणूस वर्षानुवर्षे लपवत आला आहे, तो दवाखान्यातल्या फलकासमोर चारचौघांत थांबून वाचणार नाही. मला ब्लाउज शिवणाऱ्या शिंपीणबाई, ब्यूटी पार्लर आणि औषधांची दुकाने सुचली आहेत. बाही सैल करून मागणारी, काखेचे वॅक्सिंग टाळणारी किंवा दर आठवड्याला गॉज आणि चिकटपट्टी नेणारी व्यक्ती तिथे आधी लक्षात येते. मात्र दुकानदाराने स्वतःहून विचारावे की पत्रक फक्त पिशवीत सरकवावे, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. विचारणे प्रेमाचे असले तरी समोरच्याला पकडले गेल्यासारखे वाटू शकते.

पांढरे डाग किंवा कुष्ठरोग असलेल्यांमध्ये ज्यांनी काम केले आहे, त्यांनी पहिली भेट कशी घडवली ते कृपया सांगावे. पुरुषांसाठी वेगळी बैठक ठेवावी का? आणि नाव न सांगता यायचे असेल, तर पंचवटी किंवा नाशिकरोड भागात अशी कोणती जागा सुचवाल, जिथे दारावर फलक नसेल आणि जिना चढावा लागणार नाही? जांघेतली गाठ सुजली की पायरी चढणे फार कठीण जाते.