विषय: 14 जूनचे पदभ्रमण आणि कॉक मार्शमधील गुरे

प्रेषक: विद्याधर (सहल समिती)

सप्रेम नमस्कार.
इंग्लंडमधल्या थेम्स नदीकाठच्या आपल्या पदभ्रमणासाठी आतापर्यंत एकतीस नावे आली आहेत. कुकम स्थानकावरून गावात यायचे, चर्चच्या आवारातून नदीवर उतरायचे, कॉक मार्श हे कुरण ओलांडून बोर्न एंडच्या रेल्वेपुलाला जोडलेल्या पादचारी पुलावरून पलीकडे जायचे आणि मार्लोच्या हिगिन्सन पार्कमध्ये डबे सोडायचे, हा मार्ग समितीने मार्चमध्येच ठरवला आहे. तो पुन्हा चर्चेला घेऊ नये, ही विनंती. एकूण चाल साधारण पाच मैलांची आहे. मेडनहेडहून मार्लो शाखेची गाडी तासाला एकच असल्यामुळे, गेल्या वेळेसारखे अर्धे लोक फलाटावर आणि अर्धे चहाच्या रांगेत, असे होऊ नये.

प्रेषक: मृणाल

विद्याधरजी,
चर्चेला घेऊ नये असे आपण म्हणता, तरीही घेते. परवा आम्ही दोघे मार्ग पाहून आलो. कॉक मार्शमध्ये पायवाटेच्या दोन्ही अंगांना गुरे होती आणि त्यांत वासरेही होती. आपल्याबरोबर नऊ मुले आहेत, सुहासरावांचा कुत्रा वाघ्या आहे आणि शुभदाची बाबागाडी आहे. मागच्या वर्षी कालवडी आपल्या मागे लागल्या तेव्हा काय धावपळ झाली होती, ते इथे पुन्हा सांगत बसत नाही. कुकम वगळून थेट बोर्न एंडहून सुरुवात केली तर हे कुरण टळते. एवढे साधे आहे.

प्रेषक: बापूसाहेब

मृणालचे पत्र वाचून थोडे वाईट वाटले. मी आटपाडीचा, खरसुंडीच्या यात्रेत शिंगाला शिंग लावून उभ्या असलेल्या खिल्लार बैलांमधून लहानपणी वाट काढत गेलेला माणूस आहे. परदेशातल्या मराठी मंडळींनी गाईंना घाबरून रस्ता बदलला, हे गावी कळले तर माझी भावकी मला पंगतीत वाढायची नाही. गुरांच्या अंगावरून हात फिरवला, दोन शब्द बोलले, की ती बाजूला होतात. वाघ्याने एकदा दरडावले तर आणखी लवकर होतील. आणि कुकम वगळायचे म्हणजे सहलीतला जीवच काढून घ्यायचा.

प्रेषक: नीलिमा

बापूसाहेबांची क्षमा मागून लिहिते. वाघ्याने दरडावणे, हीच यातली सर्वांत धोक्याची गोष्ट आहे.

आपल्याकडचे जनावर रोज दावणीला येते, त्याच्या नाकात वेसण असते, घरातले पोरसुद्धा त्याला पाणी पाजते. माणसाचा आवाज आणि हात त्याच्या ओळखीचा असतो. इकडची मांसासाठी पाळलेली गुरे महिनोन् महिने मोकळ्या कुरणात असतात आणि अनोळखी माणसाचा हात त्यांच्या अंगाला क्वचितच लागतो. त्यात लेकुरवाळी गाय असली, तर कुत्रा पाळलेला आहे की लांडगा आहे, हा विचार ती करत बसत नाही. ती कुत्र्यावर येते आणि कुत्रा मालकाच्या पायांत शिरतो, म्हणजे मार मालकाला बसतो. म्हणूनच इथला नियम असा आहे की, गुरांजवळ कुत्रा आखूड दोरीवर ठेवावा, पण गुरे खरोखरच अंगावर येऊ लागली तर दोरी सोडून द्यावी. कुत्रा पळून जाऊ शकतो, आपण नाही. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जायचे नाही, पळायचे नाही, ओरडायचे नाही आणि अंगावरून हातही फिरवायचा नाही.

कालवडींचे मात्र वेगळे असते. मागच्या वर्षी त्या केवळ कुतूहलाने मागे आल्या होत्या आणि आपण धावलो म्हणून त्याही धावल्या.

प्रेषक: सुहास

नीलिमाताईंच्या माहितीबद्दल आभार, पण वाघ्याविषयी जो सूर लागला आहे तो मला मान्य नाही. तो सात वर्षांचा आहे आणि गणपतीच्या मिरवणुकीत ढोलाच्या शेजारी शांत बसला होता, हे सर्वांनी पाहिले आहे. शिवाय खरी भीती गाईंची नसून वळूची असते. मग भर उन्हाळ्यात पायवाटेवर वळू मोकळा सोडणाऱ्या शेतकऱ्याला कोणी का विचारत नाही?

प्रेषक: नीलिमा

त्यावर कायदा आहे, म्हणून एवढेच लिहिते. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्यानुसार, ज्या शेतातून सार्वजनिक हक्काची वाट जाते तिथे दुधाळ जातीचा, म्हणजे फ्रिजियन, जर्सी, गर्न्सी वगैरे, दहा महिन्यांहून मोठा वळू ठेवताच येत नाही. मांसाच्या जातीचा वळू ठेवता येतो, पण त्याच्यासोबत गाई किंवा कालवडी असल्या पाहिजेत. गाईंच्या सोबतीत तो वाटसरूंकडे फारसे लक्ष देत नाही, असा त्यामागचा विचार आहे. तेव्हा वळू दिसला म्हणजे शेतकरी चुकला, असे नाही. मात्र वासरू घेऊन फिरणाऱ्या गाईवर असा कोणताच निर्बंध नाही, आणि आपल्यासमोरचा प्रश्न तिचाच आहे.

प्रेषक: विद्याधर (सहल समिती)

मी अकरा वर्षे हे पदभ्रमण आखत आहे. आखणी कोणाला करून पाहायची असेल तर पुढच्या वर्षी अवश्य करावी, मी नकाशे आनंदाने सुपूर्द करीन. एक्सप्लोरर 172 या नकाशाची माझी प्रत आधीच दोनदा परत यायची राहिली आहे.

बोर्न एंडहून सुरुवात केल्याने प्रश्न सुटतो, हे मला पटत नाही. बोर्न एंडजवळच्या स्पेड ओकच्या पुढे नदीकाठाला तिकडेही कुरणे आहेत. तिथे गुरे असतीलच असे नाही, पण नसतीलच असेही नाही. इंग्लंडमधल्या नदीकाठाला गुरे नकोत असे म्हणणे म्हणजे पंढरीला जाऊन गर्दी नको म्हणण्यासारखे आहे. कॉक मार्श ही तर मुळात गावाच्या चराईची सामायिक जमीन आहे. 1934 पासून ती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे आणि तिच्यावर गुरे चरतात म्हणूनच ती आजही मोकळी, सपाट राहिली आहे. तिथे जे उंचवटे दिसतात ते कांस्ययुगातील दफनाचे आहेत, म्हणजे मुलांना दाखवण्यासारखे या वाटेवर तेच आहे. हे सगळे सोडून स्थानकाबाहेरच्या गाड्यांच्या तळापासून सुरुवात करायची काय?

प्रेषक: शुभदा

माझ्या बाबागाडीचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. मला गाईंपेक्षा फाटकांची काळजी आहे. त्या अर्धगोल कुंपणात अडकवलेल्या झुलत्या फाटकातून एका वेळी एकच माणूस जातो. आमची जुळ्यांची गाडी त्यात शिरत नाही, ती घडी करून डोक्यावरून पलीकडे द्यावी लागते. त्यातून पार पडले तरी बोर्न एंडच्या पादचारी पुलाला पायऱ्या आहेतच.

कुकम मात्र वगळू नये, असे मलाही वाटते. चित्रकार स्टॅनले स्पेन्सर त्याच गावचे. चित्राचे सामान जुन्या बाबागाडीत घालून ते गावभर ढकलत नेत असत, आणि ती बाबागाडी आता तिथल्या कलादालनात ठेवलेली आहे. हे दालन पूर्वी मेथडिस्ट प्रार्थनागृह होते. ज्या गावात बाबागाडीला एवढा मान आहे तिथून आमचीच परत फिरावी, हे काही बरे दिसत नाही.

प्रेषक: बापूसाहेब

शुभदा, बाबागाडी मी उचलीन. दोन्ही.

प्रेषक: मृणाल

बापूसाहेब, आपल्या कमरेचे काय झाले होते ते वहिनींनी संक्रांतीला सांगितले आहे. आपण काही उचलणार नाही.

प्रेषक: नीलिमा

वाद न वाढवता एक सुचवते. आपण सगळे ज्या गाडीने कुकमला उतरणार, तीच गाडी पुढे बोर्न एंडला जाते. सुहासराव, वाघ्या, शुभदा आणि जुळी यांनी कुकमला न उतरता पुढच्याच स्थानकावर उतरावे आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर, पुलाच्या टोकाशी थांबावे. कुरण टळते, पूल टळतो. बाकीच्यांनी कॉक मार्शमध्ये वासरे दिसली तर पायवाटेला चिकटून न राहता लांबून वळसा घालावा. सुरक्षिततेसाठी तेवढे बाजूला होणे गैर नाही. मुले मोठ्यांच्या मध्ये चालतील आणि फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत सोडले जाईल, म्हणजे बंद असेल तर शेवटच्या माणसाने ते बंदच करायचे. हा शेवटचा माणूस कोण, ते आधी ठरवावे, कारण मागच्या वर्षी प्रत्येकाला वाटले की आपल्यामागे कोणीतरी आहे.

प्रेषक: सुहास

मान्य आहे. मात्र स्पेन्सरची बाबागाडी वाघ्याला आणि मला पाहता येणार नाही, याची समितीने नोंद घ्यावी. पुलाशी आम्हाला तासभर थांबावे लागेल, तेव्हा थालीपिठांचा एक डबा आमच्याकडे आधीच द्यावा.

प्रेषक: विद्याधर (सहल समिती)

मूळ मार्ग कायम राहिला, याबद्दल सर्वांचे आभार. नीलिमाताईंची सूचना समितीने स्वीकारली आहे. शेवटचा माणूस म्हणून मी बापूसाहेबांचे नाव लिहिले आहे. त्यांनी फाटके लावावीत आणि गुरांशी बोलू नये. थालीपिठांचा डबा शुभदाकडे राहील, सुहासरावांकडे नाही.

प्रेषक: बापूसाहेब

फाटके लावीन. दुसऱ्या अटीवर विचार करून कळवतो.