सोसायटी ग्रुप: कल्याणचं आगार बंद, गणपतीची गाडी येणार का?

मंगळवार, ३ सप्टेंबर २०२४

अश्विनी ए-२०३ (सकाळी ६:४१): आगारात उभी आहे. मुरबाडची एकही गाडी लागलेली नाही. चौकशीच्या खिडकीत माणूस नाही. कुणाला काही कळलंय का?

रोहन सी-१०४: ताई, एसटी कर्मचाऱ्यांचा संप आहे. आजपासून बेमुदत. बातम्यांत चालू आहे.

अश्विनी ए-२०३: गाड्या आत ओळीने उभ्या आहेत हो. समोर दिसतायत आणि चढता येत नाही. माझ्या शेजारी एक आजी आहेत, डोळ्याचं ऑपरेशन करून आल्यात, हिरवी पट्टी तशीच आहे. टोकावड्याला जायचंय त्यांना. पंच्याहत्तरच्या वरच्या, एसटीत तिकीट फुकट. बाहेर इकोवाला माणशी दोनशे मागतोय. आजी सारख्या विचारतायत, "बाय, लाल गाडी कधी लागंल?"

सावंत काका बी-५०१: अरे देवा. आपली उद्या रात्रीची कणकवलीची गाडी? ४४ सीटचं पूर्ण ग्रुप बुकिंग आहे!!

मेस्त्री बी-२०२: काका, पैसे भरून झालेत ना सगळे?

सावंत काका बी-५०१: कधीच भरलेत. पावती माझ्याकडे आहे. पावतीवर बसून गावाक जातलंय काय?

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या बुधवारी वरची टाकी धुण्यात येणार आहे. सकाळी १० ते सायंकाळी ५ पाणी बंद राहील. कृपया साठा करून ठेवावा.

रोहन सी-१०४: यांना बरोबर सणच सापडतो. २०२१ ला दिवाळी, आता गणपती. आषाढी तेवढी राहिली. सरळ खासगी करून टाका सगळं. दोन दिवसांत सुतासारखे सरळ येतील.

कुलकर्णी वहिनी ए-४०१: +१. लोकांना वेठीला धरायचं म्हणजे काय! कोकण रेल्वेचं तिकीट तर चार महिने आधी बुकिंग उघडतं आणि बघता बघता वेटिंग लागतं. माणसाने जायचं कसं?

जगताप काका सी-३०३ (सकाळी ८:०५): नमस्कार मंडळी. आत्ताच आगारात जाऊन आलो. कल्याण आणि विठ्ठलवाडी दोन्ही पूर्ण बंद. मुंबईतली आगारं चालू आहेत. सावंत साहेब, गाडी रद्द झाली असं अजून कुणी म्हणालेलं नाही. धीर धरा.

रोहन सी-१०४: काका, तुम्ही एसटीतच होतात ना? मग तुम्हीच सांगा, हे बरोबर आहे का? आदल्या आठवड्यात करा, पुढच्या महिन्यात करा. चतुर्थी शनिवारी आहे आणि मंगळवारी संप?

जगताप काका सी-३०३: रोहन बेटा, जूनमध्ये केला असता तर तू ग्रुपवर एक ओळ तरी लिहिली असतीस का? ऑगस्टमध्ये बैठक झाली, तोडगा निघाला नाही. ती बातमी आतल्या पानावर. ही पहिल्या पानावर.

अश्विनी ए-२०३: काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे मला पटलेलं नाही. शाळेत कशीबशी पोचले, इको आणि मग जीप करून. आठवीच्या वर्गात आज अकरा मुली नाहीत. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत, म्हणून घरचे शाळेत पाठवतात. जीपला रोज पैसे कोण देणार? बाकीच्यांना सणापुरती एसटी लागते, या पोरींना रोज लागते. त्यांनी जूनमध्येही गप्प बसायचं आणि सप्टेंबरमध्येही.

जगताप काका सी-३०३: तुमचं खरं आहे ताई. याला माझ्याकडे उत्तर नाही.

शेख भाई ए-१०२: सावंतसाब, माझ्या मेव्हण्याची १७ सीटर ट्रॅव्हलर आहे. विचारू का? पण गणपतीत सगळ्या बुक असतात, आधीच सांगतो.

सावंत काका बी-५०१: विचारा भाई. पण १७ मध्ये ४४ माणसं, मखराचं सामान आणि मेस्त्रींची सासू कशी बसणार?

मेस्त्री बी-२०२: 😂 सासूबाई ग्रुपवर आहेत काका.

घाडी बी-१०३: स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं. एसटीच्या तिप्पट सांगतोय, वर "उद्या याल तर हाही भाव नाही" म्हणतो.

जगताप काका सी-३०३: नियम असा आहे की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही. २०१८ चा शासन निर्णय आहे. परिवहन विभागाकडे तक्रार करा.

घाडी बी-१०३: तक्रार करतो आणि गौरी-विसर्जनाला पोचतो.

रोहन सी-१०४ (दुपारी १:२०): बरं, मागणी तरी काय आहे नेमकी? सारखं सरकारी कर्मचाऱ्यांइतका पगार, सरकारी कर्मचाऱ्यांइतका पगार.

जगताप काका सी-३०३: विचारलंस ते बरं केलंस. लांब लिहितो, चष्मा लावून वाच. २०२१ च्या संपात एसटीचं शासनात विलीनीकरण मागितलं होतं, ते मिळालं नाही. त्या नोव्हेंबरमध्ये मूळ पगारात वाढ दिली, पण कशी? १ ते १० वर्षं नोकरीवाल्याला ५ हजार, १० ते २० वर्षंवाल्याला ४ हजार, २० च्या वर असलेल्याला अडीच हजार. मी तीस वर्षं घंटी मारली, मला अडीच. माझ्या शेजारी कालपरवा लागलेला पोरगा, त्याला पाच. त्याचा पगार फारच कमी होता, त्याला मिळायलाच हवी होती, याबद्दल माझी तक्रार नाही. पण आगारात लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. ड्रायव्हर-कंडक्टर एकाच गाडीवर आणि बोलणं बंद. शिवाय महागाई भत्त्याचा, घरभाड्याचा फरक थकलेला. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर व्हा म्हटलं, मग आम्ही हजर झालो. मे महिन्यात मी रिटायर. पेन्शन ईपीएफची, मुलांना आकडा सांगत नाही.

कुलकर्णी वहिनी ए-४०१: एसटीवाल्यांना सरकारी पेन्शन नसतं??

जगताप काका सी-३०३: नसतं वहिनी. महामंडळ आहे ते, शासनाचं खातं नाही. सगळ्यांना वाटतं आम्ही सरकारी. सोयरीक जुळवताना तर फारच वाटतं.

रोहन सी-१०४: हे मला खरंच माहीत नव्हतं. तरी गणपतीत नको होता.

जगताप काका सी-३०३: मीसुद्धा अडकलोय रे. सूनबाई कराडला आहे, नातवाला घेऊन उद्या निघणार होती. एसटीनेच.

सावंत काका बी-५०१ (रात्री ९:५०): बातमी बघितली? २५१ पैकी ३५ आगारं पूर्ण बंद म्हणतायत. त्या पस्तिसात आपलंच कसं काय पडलं? आई सकाळपासून बॅग भरून दारात बसलीय. "गणपती घराक इलो आणि आमी हय कल्याणात?" असं दर तासाला विचारते. गाडी उद्या रात्रीची आहे, हेही ती मानत नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

मेस्त्री बी-२०२ (सकाळी ९:५८): सेक्रेटरी साहेब, टाकी आजच धुवायला हवी होती? अर्धी बिल्डिंग गावाला निघणार, कपडे कधी धुवायचे?

सेक्रेटरी: तारीख महिन्यापूर्वी फळ्यावर लावली होती.

रोहन सी-१०४: हेच जगताप काका काल म्हणत होते 😄

अश्विनी ए-२०३: आजही तेच. उद्या शिक्षक दिन. मुलींनी नाच बसवलाय, नाचणाऱ्या सहापैकी चारजणी एसटीने येणाऱ्या. मुख्याध्यापक म्हणाले, दोघींचा करा.

शेख भाई ए-१०२: सावंतसाब, मेव्हणा नाही म्हणाला. गाडी देवगडला गेली.

सावंत काका बी-५०१ (संध्या. ६:१५): आगारातून फोन. आज रात्रीची गाडी सुटणार नाही. पुढचं नंतर कळवतो म्हणाले. सगळ्यांनी सामान वर न्या. मी आईला काय सांगू ते मला कुणीतरी सांगा.

घाडी बी-१०३ (रात्री ८:३२): मिटला!!! संप मिटला. सह्याद्री अतिथीगृहावर मुख्यमंत्री शिंदेंबरोबर एसटी कामगार संघटनांच्या कृती समितीची बैठक झाली. साडेसहा हजार वाढ!

कुलकर्णी वहिनी ए-४०१: बाप रे, एका दिवसाच्या बैठकीत साडेसहा हजार. आम्हाला वर्षभर काम करून एवढी इन्क्रिमेंट मिळत नाही.

जगताप काका सी-३०३: वहिनी, थांबा. कालचा हिशोब आठवा. साडेसहा सरसकट, पण २०२१ ची वाढ त्यातच धरून. ज्याला तेव्हा पाच मिळाले त्याला आता दीड हजार. ज्याला चार, त्याला अडीच. ज्याला अडीच, त्याला चार. सगळे एका रेषेत आले, एवढं मात्र झालं. १ एप्रिल २०२० पासून धरणार म्हणतात. मी रिटायर झालो ते दोन वर्षांनी, म्हणजे माझाही थोडा फरक निघतो की नाही, ते आगारात जाऊन विचारतो. सणानंतर.

रोहन सी-१०४: म्हणजे बातमीतला आकडा कुणाच्याच हातात पडणार नाही?

जगताप काका सी-३०३: आता कळलं तुला.

सावंत काका बी-५०१ (रात्री १०:४०): गाडी मिळाली!! उद्या पहाटे साडेपाचला गेटवर. बाहेरच्या आगाराची आहे, ड्रायव्हरला आपली गल्ली माहीत नाही. पुलाखाली कुणीतरी उभं राहायला हवं.

रोहन सी-१०४: मी थांबतो काका. तसाही जागाच असतो.

गुरुवार, ५ सप्टेंबर

अश्विनी ए-२०३ (सकाळी ६:२६): मुरबाडची लागली. बसायला जागा नाही, पण लागली.

कुलकर्णी वहिनी ए-४०१: सावंत काका, सुखरूप निघालात ना? कुठवर पोचलात?

सावंत काका बी-५०१ (सकाळी ११:१०): माणगाव. दीड तास एकाच जागी. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूने रिक्षा. आई विचारते, आता हेंचोय संप आसा काय?