जुन्या रेसिंग गाडीची चासी: दुरुस्त करायची की नवी बनवून पाटी लावायची?

लोखंडकाम
काल इथे एकाने १९६२च्या लोटस २२ या रेसिंग गाडीच्या गंजलेल्या चासीचे, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्याचे, फोटो टाकले. त्यावर सल्ला आला, "जुनी भिंतीवर टांगा, जिगवर (मापाच्या पक्क्या साच्यावर) नवी बनवून घ्या, चासी नंबरची पाटी काढून नवीवर रिवेट मारा, विषय संपला." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

लोटस २२सारख्या फॉर्म्युला ज्युनियरच्या (तेव्हाचा छोट्या एकआसनी रेसगाड्यांचा वर्ग) गाडीत चासी सोडली तर जुनं काय उरतं? इंजिन फोर्ड अँग्लियाच्या ब्लॉकवरचं, ते तेव्हाच फुटायचं आणि बदललं जायचं. फायबरची बॉडी धडकेगणिक नवी. चासी हीच ती गाडी. ती भिंतीवर टांगलीत तर ट्रॅकवर काय पळणार?

आणि दुरुस्ती होते. आधी सरफेस प्लेटवर (अगदी सपाट टेबलावर) ठेवून सस्पेन्शनचे सगळे पिकअप पॉइंट, म्हणजे ते चासीला जिथे जोडतं त्या जागा, मोजा, मग जिगला बांधा. जोडांना डीपी टेस्ट (तड्यात रंग मुरवून तडा दाखवणारी), नळ्यांची जाडी अल्ट्रासॉनिकने. १८ गेजची नळी मुळातच १.२ मिलिमीटर, त्यामुळे गंज किती खाऊन गेलाय ते लगेच कळतं. गेलेली नळीच कापा, आणि एका वेळी एकच. चार एकदम कापल्या की फ्रेम आकार सोडते. जुना ब्रेझचा (ब्राँझ वितळवून सांधलेला) जोड तापवून सोडवता येतो. मात्र त्यावर मिग वेल्डिंग मारू नका, जुन्या ब्राँझमधलं तांबं वेल्डमध्ये शिरतं आणि तिथेच तडा जातो.

स्लिकटायर
तो सल्ला माझाच होता, आणि मी त्यावर ठाम आहे. त्या काळच्या कितीतरी इंग्लिश गाड्यांत पाणी आणि तेल चासीच्या नळ्यांमधूनच फिरवायचे. म्हणजे गंज आतून. तुमचा अल्ट्रासॉनिक जिथे टेकवाल तिथलीच जाडी सांगतो, चार बोटं पुढे काय आहे ते नाही. त्या नळ्यांच्या मधोमध माणूस आडवा बसतो, पाय पुढच्या चाकांच्या रेषेत. ब्रेक मारताना माझ्या मित्राच्या गाडीचा पुढचा विशबोन (चाक धरणारा दांडा) जोडासकट उपटला आणि तो भिंतीवर आदळला. घोटा अजून नीट वळत नाही. त्याला अस्सलपणा समजावून सांगा.

आणि अस्सल म्हणजे तरी कुठली? तेव्हा टीमवाले वाकलेली चासी अर्धी नवी करून पुढच्या रविवारी पळवायचे. कस्टम्सच्या कागदांसाठी पाट्या इकडच्या तिकडे करायचे. ओल्ड नंबर वन नावाच्या बेंटली रेसगाडीचा खटला आठवा, १९९०, लंडनचं हायकोर्ट. मूळचे भाग जेमतेम, तरी कोर्ट म्हणालं हीच ती गाडी.

लोखंडकाम
खटला पूर्ण वाचा साहेब. १९२९ आणि १९३०ला ल मॉंची शर्यत जिंकलेली ती गाडी बदलत गेली, पण सलग एकच राहिली. त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नव्हती, हे कोर्टाने मुद्दाम नोंदवलं. तुम्ही तर दुसरी गाडी स्वतःच्या हाताने तयार करताय. भिंतीवरची चासी उद्या कोणी विकत घेतली, तिला इंजिन लावलं, की एका नंबरच्या दोन गाड्या. खरी कुठली, हे तुमचा नातू ठरवणार का?

लेस्टरवासी
इथे इंग्लंडात हे घडतं. एकाच नंबरच्या दोन गाड्या आणि मालकांच्या वकिलांची पत्रं मी पाहिली आहेत. एफआयएचे (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) हिस्टॉरिक पेपर आहेत म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. गाडी त्या काळच्या स्पेसिफिकेशनला धरून आहे एवढंच ते सांगतात, हीच ती चासी याची हमी देत नाहीत.

उद्यमनगरकर
नवी-जुनी राहू दे, चासीला पावडर कोटिंग करणाऱ्यांना आधी आवरा. आमच्याकडे एक सिंगल सीटर आली होती, वरून चकाचक. पावडर खरवडली तर मागच्या क्रॉस मेंबरला नखभर तडा. पावडरचा थर चिवट, खाली नळी तुटली तरी वर रेघ उमटत नाही. साधा फिका रंग मारा, तडा गेला की गंजाची तांबडी रेघ दिसते.

भट्टीवाली
भोसरीत माझी पावडर कोटिंगची भट्टी आहे, तेव्हा आता मी बोलते. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर भाजते, त्याने ब्रेझच्या जोडाला काहीही होत नाही. तडा आम्ही पाडत नाही. खरा घात ब्लास्टिंगवाला करतो, सव्वा मिलिमीटरच्या नळीवर जाड ग्रिट दाबून मारतो. आणि गिऱ्हाईक आत तेल असलेली नळी तशीच पाठवतं. भट्टीत ते तेल जोडातून बाहेर येतं, पावडरला फोड येतात, मग शिव्या आम्हाला.

उद्यमनगरकर
ताई, तडा तुम्ही पाडता असं मी म्हटलंच नाही. लपवता असं म्हणालो.

भट्टीवाली
लपवता हा शब्द परत घ्या. तपासणी हे आमचं काम नाही. डीपी टेस्ट करून पाठवा म्हणून मी प्रत्येकाला सांगते, दहातला एक ऐकतो.

सुप्रा_माजी
कॉलेजात असताना सुप्रासाठी (इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांची रेसगाडी स्पर्धा) आम्ही स्पेसफ्रेम, म्हणजे अशीच नळ्यांची चासी, बनवली, पावडर कोट करून बुद्ध सर्किटला नेली. टेक्निकल तपासणीत जोड दाखवायला सांगितलं आणि रात्री बसून पावडर घासावी लागली. ब्रॅकेट वेल्ड करायचं म्हटलं तरी परत तेच. ज्या चासीवर पुन्हा वेल्डिंग होणार, तिला पावडर नको.

भट्टीवाली
रेसच्या चासीपुरतं मान्य. पळणारी गाडी दर सीझनला उघडून तपासावी लागते, तिला रंगच बरा. पण त्यासाठी अख्ख्या धंद्याला नावं ठेवायची गरज नव्हती.

स्लिकटायर
पावडर झाली असेल तर मुद्द्यावर या. लोखंडकाम काका, एक नळी एका वेळी करत खालच्या चारही गेल्या, डॅश हूप (डॅशबोर्डजवळची कमान) गेला, पुढचा बल्कहेड (आडवी चौकट) गेला. मग राहिलं किती?

लोखंडकाम
जेवढं राहिलं तेवढं, आणि कुठली नळी कधी बदलली याची फोटोंसकट नोंद. कापलेले तुकडे नंबर टाकून जपायचे. चासी अगदीच पोखरली असेल तर नवी बनवा, माझी ना नाही. पण नवीला नवा नंबर द्या आणि विकताना तसं सांगा. मूळ पाटी जुन्या चासीवरच राहील.

स्लिकटायर
मग जुनीची किंमत राहील आणि पळणाऱ्या गाडीची पडेल. पटत नाही, पण फसवणूक नको एवढं कबूल. त्या फोटोतल्या गाडीच्या मालकाने आधी पाण्याच्या नळ्या दोन्ही टोकांना कापून आत बघावं. आणि रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान) नवा उंच लावावा, त्यावर मी कोणाचंही ऐकणार नाही. ६२चा बार ड्रायव्हरच्या हेल्मेटच्याही खाली येतो.

लोखंडकाम
रोल बारवर वाद नाही. बोल्टने लावा, जुन्या नळीला वेल्ड करू नका.